साठ पानं, पंधरा कागद

या महिन्याच्या टपालात पीडीएफची पानं छपाईसाठी मागंपुढं कशी लावायची, याच विषयावरची पत्रं जास्त आहेत. दिवाळी अंक, स्मरणिका आणि संमेलनं जवळ आली की दरवर्षी असंच होतं. म्हणून बाकीच्या शंका पुढच्या अंकात घेतो.

आधी एक सूचना. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, द्यायच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतल्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा. जिथे दोन आडव्या रेघा दिसतील तिथे दोन हायफन लागोपाठ, मध्ये जागा न सोडता. फाइलच्या नावातही मोकळी जागा नको.

*आमच्या शाळेचा वार्षिक अंक मुलांनी टाइप केला आहे. ए-फोर आकाराची ५८ पानांची पीडीएफ आहे. पहिलं पान मुखपृष्ठ, शेवटचं मलपृष्ठ, आणि पानांचे आकडे मुखपृष्ठ सोडून १ पासून आहेत. याची मधोमध पिन मारलेली अर्ध्या आकाराची पुस्तिका करायची आहे. प्रिंटरच्या खिडकीत ‘बुकलेट’ निवडलं, तर मलपृष्ठ आतच छापलं गेलं. दुसऱ्या संगणकावर तर तो पर्यायच दिसत नाही. शाळेत उबुंटू आहे आणि प्रिंटर एकाच बाजूने छापणारा. काय करावं?*
— एक शिक्षिका, राजापूर तालुका

बाई, प्रिंटरचं काही चुकलेलं नाही. मधोमध घडी घातलेल्या कागदावर चार पानं बसतात, दोन पाठीला आणि दोन पोटाला. त्यामुळे पुस्तिकेच्या पानसंख्येला चारने भाग जायलाच हवा. ५८ ला तो जात नाही, म्हणून शेवटी दोन कोरी पानं जोडून ६० केली गेली. मलपृष्ठ राहिलं ५८ वं, म्हणजे बाहेरून दुसऱ्या कागदावर, आणि तुमच्या अंकाच्या पाठीवर आलं कोरं पान.

कोरी पानं कुठे घालायची हे यंत्राने ठरवू नये, तुम्ही ठरवा. मी एक कोरं पान मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घालेन आणि दुसरं मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला. मुखपृष्ठामागे कोरं पान आलं की तुमचं आकडा १ चं पान आपोआप उजवीकडे पडतं. विषम आकडे उजव्या हाताला असणं हीच आपल्या पुस्तकांची रीत.

हे काम ‘पीडीएफजॅम’ करतं. डेव्हिड फर्थ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने लिहिलेली ही छोटी आज्ञावली आहे. पडद्यामागे पानं लावण्याचं खरं काम लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतलं ‘पीडीएफपेजेस’ हे पॅकेज करतं. म्हणून पीडीएफजॅम बसवताना टेक लाइव्हचा, म्हणजे लाटेक ज्यात येतं त्या संचाचा, मोठा बोजा बरोबर उतरतो. उबुंटूत ते टेक लाइव्हच्या ‘एक्स्ट्रा युटिल्स’ या पॅकेजमध्ये आहे. शाळेचं इंटरनेट धीमं असेल तर हे काम सुट्टीच्या दिवशी लावून द्या.

पहिली आज्ञा कोरी पानं घालण्याची:

पीडीएफजॅम --पेपर ए४पेपर अंक.पीडीएफ '१,{},२-५७,{},५८' --आउटफाइल साठ.पीडीएफ

महिरपी कंसांची रिकामी जोडी म्हणजे एक कोरं पान. पानांच्या यादीभोवतीची अवतरणचिन्हं विसरू नका. आता पुस्तिकेचा क्रम लावायचा:

पीडीएफजॅम --पेपर ए४पेपर --बुकलेट ट्रू --लँडस्केप साठ.पीडीएफ --आउटफाइल पुस्तिका.पीडीएफ

झालं. नव्या फाइलमध्ये आडवी ३० पानं असतील, म्हणजे १५ कागदांच्या ३० बाजू. खात्री करायला ‘पीडीएफइन्फो पुस्तिका.पीडीएफ’ अशी आज्ञा द्या. पानसंख्या ३० आणि आकार साधारण ८४२ गुणिले ५९५ पॉइंट दिसला पाहिजे. तो आडवा ए-फोर.

मग फाइल उघडून डोळ्यांनी तपासा. मी ऑफसेटच्या छापखान्यात पेस्टिंगच्या टेबलावर बसायचो, तेव्हापासून तपासणीचा एकच नियम पाळतो: शेजारी शेजारी आलेल्या दोन पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त भरली पाहिजे. तुमची पानं ६०, म्हणजे बेरीज ६१. पहिल्या बाजूवर ६० आणि १. तिच्या पाठीवर २ आणि ५९. सगळ्यात आतल्या कागदावर बाहेरून ३२ आणि २९, आतून ३० आणि ३१. सम पान नेहमी डावीकडे. हे आकडे फाइलमधल्या पानांचे आहेत. तुमचे छापील आकडे त्यांच्यापेक्षा दोनने कमी येतील, कारण आधी मुखपृष्ठ आणि कोरं पान आहे. हा नियम कुठल्याही मधोमध शिवलेल्या पुस्तिकेला लागतो. शिल्लक पंचांग किंवा जुनी स्मरणिका मधून उघडून पाहा, पटेल.

आता एकाच बाजूने छापणारा प्रिंटर. ‘क्यूपीडीएफ’ नावाचं साधन बसवा, ते अगदी हलकं आहे. पुस्तिकेच्या फाइलचे दोन भाग करा:

क्यूपीडीएफ पुस्तिका.पीडीएफ --पेजेस . १-झेड:ऑड -- पाठ.पीडीएफ
क्यूपीडीएफ पुस्तिका.पीडीएफ --पेजेस . १-झेड:इव्हन -- पोट.पीडीएफ

इथे झेड म्हणजे शेवटचं पान, आणि टिंब म्हणजे ‘हीच फाइल’. आधी ‘पाठ’ छापायची, कागद उलटे करून पुन्हा ट्रेमध्ये घालायचे आणि ‘पोट’ छापायची. काही प्रिंटर छापलेली बाजू वर ठेवून कागद बाहेर टाकतात, काही खाली ठेवून. त्यामुळे काही ठिकाणी ‘पोट’ उलट्या क्रमाने छापावी लागते. उलटा क्रम म्हणजे झेड-१. इथे हुशार माणसंसुद्धा फसतात. ‘झेड-१:इव्हन’ असं लिहिलं तर सम बाजू मिळत नाहीत, विषम मिळतात! क्यूपीडीएफ आधी यादी उलटी करतं आणि मग त्या यादीतली दुसरी, चौथी, सहावी नोंद उचलतं. ३० बाजूंच्या उलट्या यादीत दुसरी नोंद २९ ची. पुस्तिकेच्या बाजू नेहमी सम संख्येत असतात, म्हणून उलट्या क्रमाने ‘पोट’ हवी असेल तर ‘झेड-१:ऑड’ लिहायचं.

तुमचा प्रिंटर कुठल्या जातीचा ते कळायला रद्दीतले तीन कागद घ्या, पेन्सिलीने वरच्या कोपऱ्यात बाण काढा आणि पहिल्या सहा बाजूंवर प्रयोग करा. एकदा जमलं की ट्रे कसा भरायचा त्याची चिठ्ठी प्रिंटरलाच चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई असतील.

दुसरी बाजू छापण्याआधी कागद गार होऊ द्या. लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद गरम आणि वाकडा असतो, आणि कोकणातल्या हवेत तो आणखी गुंडाळतो. मग एकदम दोन कागद ओढले जातात आणि तिथून पुढची सगळी पुस्तिका एका कागदाने सरकते. म्हणून पन्नास प्रतींचा गठ्ठा एकदम लावू नका. एक प्रत पूर्ण करा, मोजा, मग पुढची.

अक्षरांचं विचारलं नाहीत, पण सांगतो. ए-फोरचं ए-फाइव्ह होताना लांबी-रुंदी ०.७०७ पट होते. मुलांनी १२ पॉइंटात टाइप केलं असेल तर छापून येईल साडेआठ पॉइंट. इंग्रजी एवढ्या आकारात खपून जातं. आपले रफार, अनुस्वार आणि ‘द्ध’, ‘ष्ट’ सारखी जोडाक्षरं शाळेच्या प्रिंटरवर भरून जातात. मूळ फाइल अजून हाताशी असेल तर मजकूर १६ किंवा १७ पॉइंटात करा, म्हणजे छापून सव्वाअकरा ते बारा मिळेल. पानं वाढतील, कोऱ्या पानांचं गणितही पुन्हा करावं लागेल, पण अंक आजी-आजोबांना वाचता येईल.

पिन मारायला नेहमीचा स्टेपलर पोचत नाही, कारण घडीपासून कागदाची कड जवळजवळ १५ सेंटिमीटरवर असते. लांब हाताचा स्टेपलर नसेल तर सुई-दोरा घ्या. घडीवर तीन भोकं, मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि बाहेरच्या लांब दोऱ्यावर गाठ. मुलांना हे काम फार आवडतं.

*टर्मिनलमध्ये एवढी खटपट कशाला? कितीतरी संकेतस्थळांवर पीडीएफ टाकली की पानं फुकट लावून मिळतात.*
— एक वाचक, ठाणे

मिळतात. तुमची फाइल लग्नाच्या मंगलाष्टकांची असेल तर खुशाल टाका. पण याच टपालात एका वकिलांच्या कारकुनाने खरेदीखताची पानं लावण्याबद्दल विचारलं आहे. दुसऱ्याचं आधार, सही आणि अंगठा असलेला कागद आपण कुठल्या सर्व्हरवर चढवतो याचा विचार करायला नको का?

दुसरं कारण माझ्यापुरतं जास्त महत्त्वाचं. संकेतस्थळावर किंवा प्रिंटरच्या खिडकीत आज काय निवडलं होतं ते सहा महिन्यांनी आठवत नाही. आज्ञा एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवली की पुढच्या वर्षी तीच पुन्हा चालते, आणि शेजारच्या शाळेलाही देता येते. शिवाय क्रम लावलेली फाइल तयार असली की ती कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात न्या. तिथे सांगायचं एवढंच: ‘पाठपोट, आखूड बाजूवर उलटवून, आकार शंभर टक्के.’ दुकानदाराने ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू ठेवला तर समास बिघडतात, तेवढं बघा.

*आमच्या मंडळाची आरत्यांची पुस्तिका पुण्याहून ए-फोरच्या पीडीएफमध्ये आली आहे. इथे कागद लेटर आकाराचा. वरीलप्रमाणे पुस्तिका केली तर चालेल का?*
— एक वाचक, न्यू जर्सी

चालेल, आज्ञेत ए४पेपरच्या जागी लेटरपेपर लिहा. पण वर-खाली पांढरी पट्टी येईल. ए-फोर अर्धा केला तरी त्याच्या बाजूंचं प्रमाण तेच राहतं, कारण ते दोनाच्या वर्गमुळावर बांधलेलं आहे. लेटर कागदाचं तसं नाही. अर्धं लेटर म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंच, आणि ते ए-फोरच्या मानाने उंच आणि अरुंद असतं. ए-फोरचं पान त्यात सुमारे ६६ टक्क्यांवर बसतं, आणि वर-खाली मिळून जवळजवळ १८ मिलिमीटर जागा उरते. आरत्यांच्या ओळी आखूड असतात, त्यामुळे समास कापून अक्षर मोठं करता येईल. पीडीएफजॅमला ‘ट्रिम’ पर्याय देता येतो. त्यात डावा, खालचा, उजवा, वरचा, या क्रमाने मापं द्यायची आणि जोडीला ‘--क्लिप ट्रू’ लिहायचं. डाव्या-उजव्या बाजूने थोडं कापलं की पान आपोआप उंच दिसतं आणि पट्टी कमी होते.

छापण्याआधी ‘पीडीएफफाँट्स’ ही आज्ञा त्या फाइलवर चालवून बघा. ‘एम्ब’ या मथळ्याखाली प्रत्येक ओळीत ‘येस’ हवं. एखादा मराठी फाँट फाइलमध्ये भरलेला नसेल तर तिकडचा प्रिंटर भलताच फाँट लावेल आणि ‘सुखकर्ता’ वाचायला कोणी धजणार नाही.

*आजोबांची मोडी आणि बाळबोध मिश्रित टाचणवही स्कॅन केली. सुटी पानं होती, म्हणून ऑफिसच्या फीडरवाल्या स्कॅनरमध्ये आधी सगळ्या पुढच्या बाजू घेतल्या, मग गठ्ठा तसाच उलटा करून मागच्या बाजू. आता दोन पीडीएफ आहेत, आणि दुसरीतली पानं शेवटून सुरुवातीकडे आहेत. एकेक पान हाताने ओढून लावायचं जिवावर आलंय.*
— एक वाचक, नाशिक

हाताने लावू नका, एका ओळीचं काम आहे:

क्यूपीडीएफ --कोलेट --एम्प्टी --पेजेस पुढे.पीडीएफ १-झेड मागे.पीडीएफ झेड-१ -- वही.पीडीएफ

पत्ते पिसावेत तसं एक पान पहिल्या फाइलमधून, एक दुसरीतून, आणि दुसरीतलं शेवटून. पीडीटीके नावाच्या जुन्या साधनात यालाच ‘शफल’ म्हणतात.

मात्र आज्ञा देण्याआधी दोन्ही फाइलींवर पीडीएफइन्फो चालवून पानसंख्या बघा. ती सारखी हवी. जुना कागद पातळ आणि चिकट असतो, फीडर मध्येच दोन पानं एकदम ओढतो आणि कुणालाच कळत नाही. क्यूपीडीएफ अशा वेळी तक्रार करत नाही. ज्या फाइलमध्ये पानं उरतील ती शेवटी लावून मोकळं होतं, आणि हुकलेल्या जागेपासून प्रत्येक पानाची पाठ दुसऱ्याच पानाला चिकटते. मोडी वाचता येत नसेल तर ही गडबड वर्षानुवर्षं लक्षात येणार नाही. संख्या सारखी असली तरी मधली चार-पाच पानं मूळ कागदाशी ताडून बघाच, कारण दोन्ही फेऱ्यांत एकेक पान हुकलं असेल तर आकडा जुळतो आणि क्रम चुकतो.

*नर्मदा परिक्रमेवर लिहिलेलं माझं पुस्तक २४० पानांचं आहे, आकार ए-फाइव्ह. घरीच काही प्रती काढून शिवायच्या आहेत. एका मित्राने ‘पीएसबुक’ आणि ‘पीएसनप’ वापरायला सांगितलं. त्यात एस १६ असं काहीतरी होतं.*
— एक वाचक, कोल्हापूर

मित्र जुने जाणकार दिसतात. ही साधनं अँगस डगन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘पीएसयुटिल्स’ या संचातली. तेव्हा प्रिंटरची भाषा पोस्टस्क्रिप्ट होती. पीएसबुक पानावर काय छापलंय ते समजून घेत नसे. फाइलमध्ये ‘इथून अमुक पान सुरू’ अशा टिपणीच्या ओळी असायच्या, त्या बघून तो तुकडे मागंपुढं करायचा. ज्या ड्रायव्हरने त्या टिपणी नीट लिहिल्या नाहीत त्याची फाइल पीएसबुकपुढे बिघडायची. नव्या आवृत्त्या पीडीएफही घेतात. पण आपल्या देवनागरी पीडीएफचं पोस्टस्क्रिप्ट करून पुन्हा पीडीएफ करण्याचा जुना मार्ग धरू नका. छापायला ठीक येतं, मजकुरात शब्द शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही.

ते ‘एस १६’ मात्र फार मोलाचं आहे. छापखान्यात आम्ही त्याला सोळा पानी फॉर्म म्हणतो. २४० पानांची एकच घडी घातली तर एकात एक ६० कागद जातील. ८० ग्रॅमच्या कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे सगळ्यात आतला कागद बाहेरच्यापेक्षा निदान सहा मिलिमीटर पुढे येणार. कडा सारखी करायला कापलीत की आतल्या पानांचा समास गेला, कदाचित पानाचा आकडाही. आणि अशी घडी मिटतच नाही. सोळाच्या फॉर्मात चारच कागद असतात, सरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहते. तुमच्या पुस्तकाचे बरोबर १५ फॉर्म होतात:

पीडीएफजॅम --पेपर ए४पेपर --सिग्नेचर १६ --लँडस्केप पुस्तक.पीडीएफ --आउटफाइल फॉर्म.पीडीएफ

पानं ए-फाइव्हच असल्याने अक्षर लहान होणार नाही. बेरजेचा नियम इथे फॉर्मापुरता लावायचा. पहिल्या फॉर्मात बेरीज १७, दुसऱ्यात १७ ते ३२ ही पानं म्हणून ४९, आणि पुढे दर फॉर्माला ३२ ची भर.

दोन्ही बाजूंनी छापणारा प्रिंटर असेल आणि त्यात आखूड बाजूवर उलटवायची सोयच नसेल, तर एक सोडून एक बाजू फाइलमध्येच उलटी फिरवा:

क्यूपीडीएफ --रोटेट=+१८०:१-झेड:इव्हन फॉर्म.पीडीएफ फिरवलेली.पीडीएफ

मग लांब बाजूवर छापलं तरी पाठपोट सरळ येतं.

छापून झाल्यावर फॉर्म वेगवेगळे घडी घाला आणि प्रत्येकाच्या घडीवर, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर, स्केचपेनची छोटी खूण करा. पहिल्या फॉर्मावर वर, दुसऱ्यावर थोडी खाली, अशी उतरत जाणारी. सगळे फॉर्म एकावर एक ठेवले की तिरकी रांग दिसते. कुठे पायरी तुटली तर तिथला फॉर्म चुकीच्या जागी आहे. बाइंडर आजही असंच बघतात.

हे सगळं घरच्या प्रतींसाठी. उद्या पुस्तक ऑफसेटवर द्यायचं ठरलं तर अशी लावलेली फाइल छापखान्याला देऊ नका. त्यांच्या कागदाचं माप वेगळं, यंत्राच्या पकडीची जागा वेगळी, एका बाजूवर आठ पानं घ्यायची की सोळा हेही ते ठरवतात. त्यांना १ ते २४० अशी सरळ फाइलच हवी असते. लावलेली फाइल आली की आधी ती सोडवत बसावं लागतं.

*उर्दू माध्यमाच्या शाळेसाठी पुस्तिका करायची आहे. ती उजवीकडून उघडते. पीडीएफजॅम सगळं डावीकडे बांधतो.*
— एक शिक्षक, मालेगाव

सर, आधी पानसंख्या चारच्या पटीत आणा, कोरी पानं जिथे हवीत तिथे घालून. मग क्यूपीडीएफने पूर्ण फाइल झेड-१ अशी उलटी करा आणि त्या उलट्या फाइलवर नेहमीचीच बुकलेटची आज्ञा चालवा. शेवटचं पान पहिलं झाल्यामुळे प्रत्येक बाजूवरची डावी-उजवी पानं आपोआप अदलाबदल होतात. पहिल्या बाजूवर मुखपृष्ठ डावीकडे आणि मलपृष्ठ उजवीकडे दिसलं की बरोबर आहे. कोरी पानं मात्र उलटं करण्याआधीच घाला. नंतर यंत्राने घातली तर ती मुखपृष्ठाच्या बाहेर जाऊन बसतील.